मुक्कामाची जागा

राहते घर भाड्याने द्यावे, नोकरी सोडावी अथवा संगणकावरून चालू ठेवावी आणि पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, पाण्याची टाकी अशी सर्व सोय असलेल्या मोटारीतच बिऱ्हाड थाटून वर्षानुवर्षे देशभर हिंडावे, असा एक नवा जीवनक्रम आपल्याकडील सुखवस्तू मध्यमवर्गात रुजू लागला आहे. या प्रवाशांच्या कथनांत एक गोष्ट हटकून आढळते. डोंगर, समुद्र, देवळे यांपेक्षा वाटेत भेटलेली माणसे त्यांच्या अधिक स्मरणात राहतात. कुणी अपरिचिताने अंगणात गाडी उभी करू दिली, कुणी विहिरीवरून टाकी भरून दिली, कुणी ताकाचा तांब्या पुढे केला. अनोळखी गावाने आपल्यावर विश्वास टाकला, याचे त्यांना मोठे अप्रूप असते आणि ते रास्तच आहे. या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. भारत पाहावा तो रस्त्याने आणि सावकाश, हे आपल्या तीर्थाटनाच्या परंपरेला धरूनच आहे.

तथापि चाकांवरच्या या घराचे जे कौतुक होते, ते घोड्याच्या पाठीवरच्या घराच्या वाट्याला का येत नाही, असा प्रश्न मुळशी तालुक्यातील जांबे या गावाकडे पाहिले की पडतो. एका अंगाला हिंजवडीची संगणकनगरी आणि दुसऱ्या अंगाला पिंपरी-चिंचवडची हद्द, अशा कात्रीत हे गाव सापडले आहे. कालपर्यंत जेथे भात आणि ऊस उभा असे, तेथे आज भिंतीच्या आतली गृहसंकुले उभी राहत आहेत. अशाच एखाद्या संकुलाच्या वाहनतळातून उद्या एखादी कॅराव्हॅन भारतभ्रमणाला निघेल, तिला शेजारी टाळ्या वाजवून निरोप देतील. त्याच संकुलाच्या भिंतीबाहेर धनगरांचा वाडा उतरला, तर मात्र पहिला दूरध्वनी रखवालदाराला जाईल.

हा वाडा म्हणजे इमारत नव्हे, एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा तो मेळा असतो. दिवाळीनंतर सातारा, बारामती, अहिल्यानगर या भागांतल्या कोरड्या माळरानांवरून मेंढपाळ निघतात आणि मावळ-मुळशीचा पट्टा ओलांडून कोकणाकडे उतरतात. पावसाळ्याच्या तोंडावर माघारी फिरतात. पुरुष कळप घेऊन पहाटे पुढे जातात. मागे राहिलेल्या स्त्रिया पाल उतरवतात, भांडी, धान्य, मेंढ्या कोंडण्याची वाघूर, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि कधी तान्हे मूलही घोड्यावर लादून पुढचा मुक्काम गाठतात. कळप पोहोचेपर्यंत चूल पेटलेली असते. दर एक-दोन दिवसांनी संपूर्ण घर उचलायचे आणि पुन्हा मांडायचे, हे काम वर्षातून सात-आठ महिने चालते. त्यांचे रस्ते ठरलेले, मुक्काम ठरलेले, माणसेही ठरलेली. ज्या शेतकऱ्याच्या आजोबाने रानात मेंढ्या बसवल्या, त्याचा नातू त्याच वाड्याची वाट पाही. रात्रभर मेंढ्या बसल्या की लेंडीखताने जमीन पोसली जाई आणि बदल्यात धान्य, पुढे पुढे रोकड मिळे.

हे नाते आता विस्कटत चालले आहे. रासायनिक खताची गोणी दारात मिळते, रिकामे रान उरत नाही, आणि जेथे उरते तेथे तारेचे कुंपण पडते. उभ्या पिकात मेंढ्या शिरल्या म्हणून भांडणे होतात, त्यांत शेतकऱ्याची बाजू नेहमीच खोटी असते असेही नाही. पण ज्याचा मुक्कामच नाहीसा झाला, त्याने कळप न्यावा तरी कुठे?

जांब्याच्या परिसरात हंगामात दिसणारे दुसरे फिरते घर ऊसतोड मजुरांचे. कासारसाई-दारुंबरे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते दाखल होतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसाची गणना अवजाराने व्हावी, ही भाषाच पुरेशी बोलकी आहे. त्यांच्या कोप्यांतील मुलांची अर्धी शाळा गावी राहते, अर्धी उसाच्या फडात हरवते.

फिरस्त्याविषयीचा हा संशय हिंदू समाजाच्या मुळाशी होता, असे म्हणता येणार नाही. देहूहून तुकोबारायांची पालखी १६८५ मध्ये नारायण महाराजांनी सुरू केली. आजही तिला गावोगाव ठरलेला मुक्काम मिळतो आणि वारकऱ्याला कोणी ओळखपत्र मागत नाही. धनगर समाजात जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्या वाटसरूंसाठीच. इंग्रजांनी मात्र १८७१ च्या कायद्याने फिरत्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची वाट उघडली. पुढे त्याची कक्षा वाढत गेली, माणसे पोलिसांच्या हजेरीला बांधली गेली. १९५२ मध्ये तो कायदा गेला. कागदावरून गेलेला शिक्का मनावरून मात्र गेला नाही, आणि या उत्तरार्धाचा दोष इंग्रजांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येत नाही.

हा शिक्का पुसण्याचे काम काहींनी केले आहे. गिरीश प्रभुणे व त्यांच्या सहकाऱ्यांनी यमगरवाडी येथे पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी उभा केलेला प्रकल्प, त्यानंतरचे चिंचवडगावातील पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् ही त्याची उदाहरणे. गुरुकुल तर जांब्यापासून फारसे दूरही नाही. दादा इदाते यांच्या आयोगाने या समाजांविषयीचा अहवाल २०१८ मध्ये केंद्राला दिला. परंतु प्रकल्प आणि अहवाल यांच्या भरवशावर बाकीच्या समाजाने स्वस्थ बसायचे, ही सवय सोयीची असली तरी बरी नव्हे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. फिरत्या घराला थांबण्यासाठी राखीव जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह हवे, हे त्यात मान्य झाले. अत्यंत योग्य विचार! मग तोच न्याय मेंढपाळाला लावण्यास अडचण कोणती? महामेष योजनेतून पावसाळ्यातील चार महिन्यांचे चराई अनुदान देण्याची तरतूद आहे, पण अनुदानावर मेंढ्या बसत नाहीत. त्यांना जमीन लागते. गावाच्या आराखड्यात वाहनतळ, उद्यान, क्रीडांगण यांसाठी जागा राखली जाते. गायरानाचा एक तुकडा, पाण्याचा एक हौद आणि मुक्कामाच्या काळात पशुवैद्याची एक फेरी, एवढे वाड्यासाठी राखणे ग्रामसभेला अशक्य नाही. हिंजवडीसह जांबे महानगरपालिकेत घेण्याची चर्चा बरीच वर्षे चालू आहे. तो निर्णय होईल तेव्हा होवो. रान एकदा बिगरशेती झाले की त्यावर वाडा उतरवता येणार नाही.

शिक्षणाचेही तसेच. स्थलांतरित मुलाने वाटेत कोठेही शाळेत बसावे, यासाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. शिधापत्रिकेवर देशात कोठेही धान्य मिळू शकते. मात्र ज्यांच्यासाठी या सोयी आहेत, त्यांच्यापर्यंत त्या नेणारा माणूस लागतो. संकुलातून राहणाऱ्या कार्यकर्त्यांना व गृहिणींना यासाठी प्रवास करावा लागणार नाही. यंदा उसाच्या फडाशेजारी कोप्या पडतील, तेव्हा त्यांतील मुलांची नावे, इयत्ता आणि मूळ शाळा एका वहीत लिहून ती जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांकडे पोहोचवायची आहे. दोन रविवारांचे काम आहे.