विहिरीतले सल्फेट खाणीचे की खताचे? पाण्याचे मूळ शोधणाऱ्या खुणा

चंद्रपूर, वणी, उमरेड, सावनेर या कोळसा पट्ट्यात तुमची शेती खाणीलगत असेल, तर पाणी तपासणीचा एखादा अहवाल तुमच्या घरात असण्याची शक्यता आहे. त्यात सामू, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, सल्फेट असे आकडे असतात आणि शेजारी मर्यादा छापलेली असते. आकडा मर्यादेत असेल तर तुम्हाला ‘पाणी ठीक आहे’ असे ऐकवले जाते. मर्यादेबाहेर असेल तर ‘तुम्ही खते जास्त टाकता’ किंवा ‘या भागातले पाणी मुळातच असे आहे’ हे उत्तर तयार असते.

मर्यादेवरून पाणी पिण्यालायक आहे की नाही एवढेच कळते. ते कुठून आले, हे त्यावरून कळत नाही. विहिरीतले सल्फेट पाच वर्षांत ३० वरून १८० मिलिग्रॅम प्रति लिटरवर गेले, तरी भारतीय मानकाच्या २०० या मर्यादेच्या आतच राहते. अहवाल हिरवा, पण पाणी बदललेले. भरपाईचा दावा टिकतो की नाही ते मूळ सिद्ध होण्यावर ठरते, म्हणून हा फरक महत्त्वाचा आहे.

विषय आताच का घ्यायचा? देशाचे कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या पुढे गेले. २०२० पासून खासगी कंपन्यांसाठी व्यावसायिक लिलाव सुरू झाले आणि त्यात विदर्भातले खाणपट्टेही आहेत. दुसरीकडे जुन्या खाणी बंद होत आहेत, त्यांच्या खड्ड्यांत पाणी साठते आहे आणि खाणीचे पाणी सिंचनाला देण्याच्या योजनाही पुढे येत आहेत. नव्या खाणीशेजारच्या शेतकऱ्याला खोदकामापूर्वीची नोंद करून ठेवण्याची संधी एकदाच मिळते.

सामू सात असला तरी निर्धास्त राहू नका

कोळशात आणि त्यावरच्या खडकात पायराइट नावाचे लोह-गंधकाचे खनिज असते. खोदकामाने ते उघडे पडले, हवा-पाणी लागले की त्यातून गंधकाम्ल तयार होते. मेघालयात कोळशात गंधक जास्त आहे, त्यामुळे तिथले ओढे आम्लधर्मी झालेले डोळ्यांना दिसतात. विदर्भातल्या गोंडवाना कोळशात गंधक साधारणपणे कमी असते. तयार झालेले आम्ल वाटेतल्या चुनखडीयुक्त थरांत विरून जाते. पाण्याचा सामू सात-साडेसातच राहतो, लोह गंजाच्या गाळासारखे खाली बसते आणि पाण्यात उरतात सल्फेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम.

म्हणून अशा पाण्याचा माग काढायला सामू उपयोगाचा नाही. लोह-मँगनीज सापडले नाही म्हणूनही खाणीची सुटका होत नाही, कारण हे धातू वाटेतच मातीत अडकतात. सल्फेट मात्र फारसे कुठे चिकटत नाही, पाण्याबरोबर चालत राहते. माग काढणाऱ्या अशा घटकाला शास्त्रज्ञ ट्रेसर म्हणतात. चांगला ट्रेसर स्रोतात भरपूर, आजूबाजूला कमी आणि वाटेत न हरवणारा असावा.

सल्फेटचा आकडा एकटा पाहू नका, क्लोराइडशी त्याचे गुणोत्तर पाहा. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी आटले तर दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. समजा, क्लोराइड ६० आणि सल्फेट ४० होते. आटून ते ९० आणि ६० झाले, तर गुणोत्तर तेच राहिले. पण क्लोराइड ६५ वर थांबले आणि सल्फेट ३०० झाले, तर सल्फेट दुसरीकडून आले आहे. हे गणित तुम्ही जुन्या अहवालांवरून घरी बसून करू शकता.

आता खताचा आक्षेप. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये जिप्सम असते, म्हणजे सल्फेट असतेच. ५० किलोच्या गोणीत साधारण साडेपाच किलो गंधक, म्हणजे सुमारे साडेसोळा किलो सल्फेट. एकरी तीन गोण्या टाकल्या तर ५० किलो. वर्षाला १०० मिलिमीटर पाणी जमिनीत मुरते असे धरले, तर एकरात सुमारे ४०० घनमीटर पाणी होते. पिकाने कणभरही गंधक घेतले नाही आणि सगळे वाहून गेले, असे मानले तरी वाढ होते सव्वाशे मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास. प्रत्यक्षात पीक आपला वाटा घेतेच. पाणी कमी मुरत असेल तर आकडा वाढेल, पण विहिरीत सहाशे-सातशे सल्फेट असेल, तर सुपर फॉस्फेटवर बोट दाखवणाऱ्याने हे गणित मांडून दाखवावे.

नायट्रेटचा वाद जास्त अवघड

खाणीत सुरुंगासाठी वापरली जाणारी स्फोटके मुख्यतः अमोनियम नायट्रेटची असतात. न फुटलेला अंश पाण्यात विरघळतो आणि नायट्रेट म्हणून पुढे जातो. तुमच्या युरियातूनही शेवटी नायट्रेटच तयार होते. साध्या तपासणीत दोन्ही एकच दिसतात.

फरक दिसतो तो ऑक्सिजनच्या समस्थानिकांत, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणात. कारखान्यात नायट्रिक आम्ल बनते तेव्हा त्यातला ऑक्सिजन हवेतून येतो, आणि हवेतला ऑक्सिजन तुलनेने जड असतो. मातीतले जिवाणू युरियापासून नायट्रेट बनवतात तेव्हा बहुतांश ऑक्सिजन पाण्यातून घेतात, तो हलका असतो. दोन्हींचा ठसा वेगळा राहतो. पण तुम्ही ठिबकमधून १३:०:४५ किंवा कॅल्शियम नायट्रेट देत असाल, किंवा नायट्रोफॉस्फेट गटातले २४:२४:० वापरत असाल, तर त्यांतल्या नायट्रेटचा ठसा स्फोटकासारखाच असतो. खतांची बिले जपून ठेवा. इथे ती पुरावा आहेत. आणि फक्त युरिया-डीएपी वापरणाऱ्या शेतकऱ्याच्या विहिरीत कारखानी ठसा सापडला, तर त्याची बाजू भक्कम होते.

राखेसाठी वेगळी खूण आहे, बोरॉन. औष्णिक केंद्रांची राख रिकाम्या खाणीत भरायला परवानगी आहे आणि राखेतून बोरॉन सहज सुटते. सांडपाण्यातही ते असते, म्हणून वस्तीजवळच्या विहिरीत जपून अर्थ लावा. संत्रा उत्पादकांनी तर ते तपासावेच. संत्रावर्गीय झाडे पाण्यातल्या बोरॉनला फार संवेदनशील आहेत, अर्धा-पाऊण मिलिग्रॅम प्रति लिटरपुढे त्रास सुरू होऊ शकतो. कपाशी त्याच पाण्यावर काही न झाल्यासारखी उभी राहते. जनावरांच्या बाबतीत सल्फेटकडे लक्ष द्या: हजाराच्या पुढे गेले तर हगवण लागते आणि शरीरात तांब्याची कमतरता निर्माण होऊ शकते.

पाणी कोणत्या दिशेने चालले आहे?

तक्रारी इथे बऱ्याचदा फसतात. चालू खाणीतून सतत पाणी उपसले जाते, त्यामुळे आजूबाजूचे भूजल खाणीकडे ओढले जाते. त्या काळात तुमची विहीर आटते, दूषित होतेच असे नाही. झिरपा येतो तो मातीच्या ढिगाऱ्यांखालून, खाणीचे पाणी सोडलेल्या नाल्यातून, किंवा उपसा बंद झाल्यावर खड्डा भरून पाणी उलट वाहू लागले की. म्हणून खाण बंद झाल्यावर तपासणी थांबवणे ही मोठी चूक ठरते, आणि नेमके तेव्हाच सगळ्यांचे लक्ष उडालेले असते.

‘हे नैसर्गिकच आहे’ हा युक्तिवाद फक्त आपल्याकडे होत नाही. कॅनडाच्या अल्बर्टात डांबरी वाळूतून तेल काढले जाते आणि गाळपाणी प्रचंड तलावांत साठवले जाते. तिथल्या जमिनीत डांबर मुळातच असल्याने, भूजलात सापडणारी नॅफ्थेनिक आम्ले तलावाची की निसर्गाची हा वाद वर्षानुवर्षे चालला. २०१४ मध्ये सरकारी शास्त्रज्ञांनी एक आकडा मोजण्याऐवजी त्या आम्लांच्या कुटुंबांचा अख्खा नमुना तपासला आणि अथाबास्का नदीजवळच्या भूजलात तलावाच्या पाण्याची खूण दाखवली. तरीही तिथल्या कर्ल खाणीत मे २०२२ मध्ये रंग बदललेले पाणी दिसले, आणि खालच्या बाजूच्या आदिवासी समाजाला झिरप्याची खरी कल्पना फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. तंत्र हाती असूनही माहिती लोकांपर्यंत पोहोचायला नऊ महिने गेले.

आपल्याकडे निदान माहितीचा एक मार्ग आहे. कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुरीत मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी असे वर्षातून चार वेळा भूजल तपासण्याची अट सहसा असते, आणि अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. वेकोलि सरकारी कंपनी आहे, तिथे माहिती अधिकारही चालतो. हे आकडे मागवा आणि गुणोत्तर स्वतः काढा. माझ्या मते अटींतच एक भर पडायला हवी: विहिरींसोबत खाणीच्या सम्पमधले पाणीही त्याच दिवशी, त्याच घटकांसाठी तपासले जावे. संशयिताचा ठसाच घेतला नाही तर जुळवायचा कशाशी? समस्थानिकांची तपासणी महाग आणि मोजक्याच प्रयोगशाळांत होते. तो खर्च एकेका शेतकऱ्यावर टाकणे योग्य नाही, तो मंजुरीच्या अटींतूनच आला पाहिजे.

तुम्ही स्वतः भरलेली बाटली दिशा कळायला उपयोगी आहे. पण खाणीतून सोडलेल्या पाण्याचा नमुना कायद्यापुढे टिकायचा असेल, तर तो जल कायदा १९७४ च्या कलम २१ नुसार, खाणीला नोटीस देऊन, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यावा लागतो. तसा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. राष्ट्रीय हरित लवादाकडे भरपाई मागण्याची मुदत कारण घडल्यापासून पाच वर्षांची आहे, त्यामुळे तारखा महत्त्वाच्या.

नमुना घेण्यापूर्वी पंप दहा-पंधरा मिनिटे चालवा. बाटलीवर तारीख आणि विहिरीतली पाण्याची पातळी लिहा. नायट्रेटचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. आणि खाणीच्या वरच्या अंगाला, उताराविरुद्ध असलेली एक विहीर सोबत तपासून घ्या. तिचे मालक खाणीविरुद्ध तक्रार करणार नसतील, तरी त्यांचे पाणी तुमच्या कामाचे आहे.