कानापुढचं दुखणं

जबडा ठणकायला लागला की आपलं बोट आधी दाढेकडे जातं. माझ्या टीममधल्या एकीचा कान दुखायचा. कानाचे डॉक्टर झाले, दातांचे एक्स-रे झाले, कुठेच काही सापडेना. जांभई देताना मात्र कानापाशी ‘कट्’ असा आवाज यायचा.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली सरकतो तो जबड्याचा सांधा. आता ताठ बसून दात हलकेच टेकवा. मग लॅपटॉपमध्ये डोकावतो तशी मान पुढे काढून पुन्हा टेकवा. बहुतेकांचे दात वेगळ्या जागी लागतात. डोकं पुढे गेलं की गळ्याचे स्नायू ताणतात आणि खालचा जबडा किंचित मागे ओढला जातो. शिवाय मानेच्या वरच्या भागातल्या आणि चेहऱ्याच्या नसांचे वेदनेचे निरोप मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी पोचतात. त्यामुळे बिघाड मानेत असला तरी कळ गालात जाणवू शकते. एरर दिसते एका फाइलमध्ये आणि चूक निघते भलत्याच, हे आम्हा प्रोग्रामरना नवीन नाही.

पण सगळं खापर पोश्चरवर फोडू नये. पाठीचे पट्टे विकणारी रील्स छातीठोकपणे सांगतात तितका पुरावा नाही, अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. पोक काढून बसणारे कितीतरी जण मजेत चकल्या फोडतात! मला जास्त संशय येतो तो दात आवळण्याचा. एरवी ओठ मिटलेले असले तरी वरच्या-खालच्या दातांत दोन-तीन मिलिमीटर फट हवी. डेडलाइनच्या दिवशी स्वतःकडे लक्ष द्या, कळेल.

सहकारिणीला फिजिओथेरपिस्टनं स्क्रीन उंच करायला, गरम शेक घ्यायला, दर तासाला दात सैल सोडायला सांगितलं. चिक्की काही आठवडे बंद. दुखणं हळूहळू ओसरलं. बहुतेकांचं अशा साध्या उपायांनीच ओसरतं. म्हणून कुणी ‘दात घासून चावा जुळवू’ म्हणालं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. घासलेला दात परत येत नाही.

तोंड पुरतं उघडेनासं झालं तर दंतवैद्याकडे जायलाच हवं. आणि घरातल्या आजी-आजोबांना जिना चढताना जबड्यात कळ येऊन थांबल्यावर जात असेल, तर ते हृदयाचं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. थांबूनही कळ जात नसेल किंवा घाम फुटला असेल, तर थेट हॉस्पिटल.