घरचं आरोग्य : नडगीवरच्या दुखऱ्या गाठी

भगिनींनो, साडी पायघोळ असली की नडगीकडे लक्ष जाते कुणाचे? जानेवारी २०२५ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस भराभर गळू लागले, तेव्हा आरोग्य खात्याची पथके गावात आली. टक्कल लपत नाही ना! पायावरची गाठ मात्र लपते, आणि आपण ती लपवतोही. म्हणून आज तिच्याविषयी.

एखाद्या दिवशी दोन्ही नडग्यांवर सुपारीएवढ्या, कधी लिंबाएवढ्या गाठी येतात. हाताला गरम लागतात, आणि दुखतात इतक्या की परकराचा काठही सोसवत नाही. गोऱ्या कातडीवर त्या लाल दिसतात. सावळ्या कातडीवर जांभळट, म्हणून डोळ्यांआधी बोटांना कळतात. जोडीला अंगात कणकण, घोटे-गुडघे धरलेले. डॉक्टर याला ‘एरिथिमा नोडोसम’ म्हणतात. विशी ते चाळिशीच्या बायकांत हा आजार पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो.

यात त्वचेखालच्या चरबीच्या थराला सूज येते. गाठीत पू नसतो. ती एकीची दुसरीला लागत नाही, तेव्हा लेकरांना जवळ घ्यायला भिऊ नका. बहुधा तीन ते सहा आठवड्यांत, मुका मार बसावा तशा काळ्यानिळ्या आणि मग पिवळट होऊन त्या विरतात. व्रण राहत नाही.

मग काळजी कशाची? गाठ हा निरोप आहे, बरं का! शरीरात दुसरीकडे काही चालले असेल, तर ते ती सांगते. दोन-तीन आठवड्यांपूर्वी घसा धरून ताप आला होता का? कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू आहेत का? सल्फाचे औषध घेतले होते का? दिवस गेले आहेत का? यांतले काहीही कारण असू शकते. पुष्कळ जणींत कारण सापडतही नाही. पण आपल्या देशात एक कारण आधी तपासावेच लागते, ते म्हणजे क्षय. खोकला नसला तरीही!

इथेच घरोघरी तोंडे मिटतात. ‘टीबी’ शब्द निघाला तर सासरी काय म्हणतील, या धास्तीने बाई गप्प बसते. कुणी ‘सूज उतरेल’ म्हणून स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन देते. गाठी जातात, निरोप पुसला जातो, आणि आत क्षय असेल तर तो जोर धरतो. म्हणून तपासण्या आधी, अशी औषधे नंतर, तीही डॉक्टरांनी सांगितली तरच. रक्त, घशाची तपासणी, छातीचा एक्स-रे आणि हातावरची क्षयाची चाचणी एवढ्याने बरेचसे कळते. क्षय निघालाच, तर सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. साधा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या नेमाच्या उपचाराने बरा होतो. नोव्हेंबर २०२४ पासून ‘निक्षय पोषण योजने’त आहारासाठीचे महिना ५०० रुपये वाढवून १००० केले आहेत.

घरी काय करावे? पाय उशीवर उंच ठेवून पडावे. थंड पाण्याची घडी ठेवावी. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गरोदर असाल तर मुळीच मनाने घेऊ नये. चोळू नका, शेकू नका, गाठ कापू-फोडू नका. आणि आपल्याकडची सवय म्हणून बिब्बा तर लावूच नका; कातडी भाजून निघेल.

गाठ फुटून वाहू लागली, तोंडावर-हातांवरही गाठी आल्या किंवा अंगावर बधिर चट्टा असला, तर आजार वेगळा असू शकतो. कुष्ठरोगातही गाठी येतात, आणि त्यावरही आज खात्रीचे, मोफत औषध आहे. एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

राहता राहिला ओटा. दिवसभर उभे राहून स्वयंपाक करायचा आणि पायाला आराम द्यायचा, हे एकत्र जमत नाही. तेव्हा घरात स्पष्ट सांगा : दोन-तीन आठवडे पोळ्या दुसऱ्या कुणीतरी लाटाव्या. आणि दवाखान्यात जाताना यजमानांना सोबत न्या. डॉक्टरांचे म्हणणे त्यांच्याही कानांवर पडले, म्हणजे घरी पुन्हा समजावत बसावे लागत नाही.