पाठीवर रंगवलेले पंचवीस बॉम्ब

ज्या नातवंडांना मराठी बोलता येते पण वाचता येत नाही, त्यांना या वेळचे पान सबा-सावतांनी मोठ्याने वाचून दाखवावे. गोष्ट एका जाकिटाची आहे, तेव्हा मुलगे तरी कान देतील अशी आशा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलातील मुलांना चामड्याचे एक तपकिरी जाकीट मिळत असे. त्याचे सरकारी नाव ए-टू. 1931 साली ते ठरवले गेले आणि 1943 मध्ये सरकारने नव्या मागण्या थांबवल्या. चामडे बहुधा घोड्याचे, पुढे झिप, मनगटाला आणि कमरेला विणलेली लोकरीची पट्टी, छातीवर नावाची चामडी पट्टी. सगळ्यांचे जाकीट सारखेच. पण वीस-बावीस वर्षांच्या पोरांना सारखेपणा कुठे चालतो? त्यांनी पाठीवर चित्रे काढून घेतली. वर विमानाचे नाव, मध्ये एखादी सुंदर मुलगी किंवा कार्टून, आणि खाली ओळीने छोटे छोटे बॉम्ब.

हे बॉम्ब शोभेसाठी नव्हते बरं का. एक मोहीम करून जिवंत परत आले की एक बॉम्ब. मी आयुष्यभर वॉर्डात काम केले, म्हणून मला ती ओळ पाहिली की पेशंटच्या खाटेला लटकवलेला तापाचा तक्ता आठवतो. आजचा दिवस निघाला, एक खूण करा. उद्याचे उद्या पाहू. कधी दुसऱ्या विमानांवरून शत्रूचे लक्ष उडवायला नुसती हुलकावणी देऊन येत. अशा फेरीला काही जण बॉम्बऐवजी बदक रंगवीत! मुलांनो, जुन्या फोटोत बदक दिसले तर ते का आहे हे आता तुम्हाला ठाऊक झाले.

इंग्लंडमधून जर्मनीवर जाणाऱ्या आठव्या हवाई दलात सुरुवातीला 25 मोहिमा झाल्या की सुटका, असा नियम होता. 1944 मध्ये त्या 30 आणि मग 35 केल्या. ऐकायला 25 काही फार वाटत नाहीत. पण या एका दलाचे 26,000 हून जास्त लोक मारले गेले. कित्येकांच्या पाठीवरची ओळ पाच-सहा बॉम्बवरच थांबली.

'मेंफिस बेल' हे विमान मात्र प्रसिद्ध झाले. त्याच्या दहा जणांनी मे 1943 मध्ये 25 मोहिमा पुऱ्या केल्या आणि ते विमान घेऊनच अमेरिकेला परतले. विमानाच्या नाकावरची मुलगी टोनी स्टार्सर नावाच्या तळावरच्या शिपायाने रंगवली होती. या विमानावरचा माहितीपट 1944 साली आला. तो करणारे विल्यम वायलर हे आल्सेसमध्ये जन्मलेले ज्यू. चित्रीकरणासाठी ते स्वतः बॉम्बफेकी विमानांतून गेले. पुढे इटलीत अशाच कामात त्यांचे कान कायमचे बिघडले. ते विमान आज अमेरिकेत डेटन येथील हवाई दलाच्या संग्रहालयात आहे.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. जाकीट दिसायला झोकदार, पण पंचवीस हजार फुटांवर ते पुरत नसे. तिथे थंडी शून्याखाली चाळीस अंश किंवा त्याहून जास्त, आणि बाजूच्या बंदूकवाल्यांच्या खिडक्या उघड्या. म्हणून मेंढीच्या कातड्याचे जाड कपडे आणि पुढे विजेने तापणारे सूट आले. अडकलेली बंदूक सोडवायला कोणी हातमोजा काढला तर बोटाची कातडी लोखंडाला चिकटे. पहिल्या दीड वर्षात शत्रूच्या माऱ्याने जायबंदी झालेल्यांपेक्षा हिमदंशाने रजेवर गेलेले जास्त होते. अशा बोटांना मलमपट्टी करणाऱ्या नर्सेस कोणाला आठवतात?

जाकिटाच्या आत, गळ्यात दोन पत्र्याच्या पट्ट्या असत. त्यावर नाव, नंबर, रक्तगट, धनुर्वाताच्या लसीचे वर्ष, आणि धर्माचे एक अक्षर. प्रोटेस्टंटाला पी, कॅथलिकाला सी, आणि आपल्या लोकांना एच, म्हणजे हिब्रू. विचार करा, हिटलरच्या जर्मनीवर विमान पेटले, छत्री घेऊन उडी मारायची, आणि गळ्यात ते अक्षर! काही ज्यू मुलांनी पट्ट्या फेकून दिल्या, काहींनी तशाच ठेवल्या. भीती उगीच नव्हती. बाल्टिक समुद्राकाठी बार्थ येथे पकडलेल्या वैमानिकांची छावणी होती. तिथे 1945 च्या सुरुवातीला ज्यू कैद्यांना वेगळ्या बराकीत हलवले. सुदैवाने मे महिन्यात रशियन फौज आली आणि ते वाचले.

पाठीवरची अक्षरेही कधी अंगाशी येत. 1943 च्या अखेरीस एक वैमानिक पकडला गेला. त्याच्या जाकिटावर विमानाचे नाव होते, 'मर्डर इन्क', म्हणजे खुनाची कंपनी. पोरांची थट्टाच ती. पण जर्मनांनी तो फोटो वर्तमानपत्रांत छापला: पाहा, हे स्वतःच कबूल करतात!

त्या थट्टेत बोचणारे काही आहे, हे नाकारून कसे चालेल? हिटलरला हरवायलाच हवे होते, यात मला तिळमात्र शंका नाही. तरी प्रत्येक बॉम्ब खाली कुठेतरी पडत होता, आणि खालीही घरे होती, इस्पितळे होती. त्या पिवळ्या खुणेचा एक अर्थ 'आम्ही परत आलो' असा, आणि दुसरा जाकिटावर लिहिलेला नाही. नातवंडांना दोन्ही सांगावेत असे माझे मत आहे.

भारताचाही यात भाग आहे. बंगालमध्ये पांडवेश्वरसारख्या तळांवरून अमेरिकन विमाने ब्रह्मदेशाकडे जात. त्यांच्या जाकिटांवरची कितीतरी चामडी बोधचिन्हे तिथल्या कारागिरांनी तुकडे कापून, शिवून, रंगवून दिली. त्या कारागिरांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. याच आघाडीवर वैमानिक जवळ एक रेशमी किंवा चामडी तुकडा बाळगीत. विमान पडले तर या माणसाला मदत करा, अशी विनंती त्यावर अनेक आशियाई भाषांत असे.

अशी जाकिटे आता संग्रहालयांत आहेत, नाहीतर लिलावात भारी किमतीला जातात. पण मालक गेल्यावर घरच्यांनी ती कितीदा जुने कपडे म्हणून टाकून दिली असतील! तुमच्या कपाटात कोणाचा जुना लष्करी कोट, टोपी, नर्सचा पट्टा असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका आणि उन्हातही टांगू नका. चामड्याची घडी घातली तर रंगाला भेगा पडतात. रुंद हँगरवर सुती कापड घालून ठेवा. आणि तो कोणाचा, कुठला, कोणत्या सालचा, हे कागदावर लिहून खिशात ठेवा. ते काम मात्र याच शब्बाथनंतर करा. सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.