जिप्सीचे पाटे आणि गुरुग्रामचा शौक

गुरुग्रामच्या पोस्टिंगवर आल्यापासून एक सल्ला इतक्यांदा कानावर आला आहे की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. "जिप्सीचे मागचे पाटे काढा, कॉइल टाका, चार इंच उचला, मग बघा गाडी कशी होते!" गाडी कशी होते ते मी बघितलं आहे. मी ईएमईचा माणूस. गाडी हा माझा शौक नाही, धंदा आहे. त्यामुळे जे लिहीन ते शौकीन मंडळींना जरा कडू लागेल.

जिप्सी मूळ इथलीच. १९८५ च्या डिसेंबरात मारुतीने ती बाजारात आणली, तेव्हा या गावाला गुडगाव म्हणत. सुरुवातीला ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ मध्ये 'किंग' आली ती १३०० सीसीची, आणि पुढे एमपीएफआय आल्यावर ताकद ८० हॉर्सपॉवरपर्यंत गेली. इंजिन बदललं, रुंदी थोडी वाढली, पण पुढेमागे पाट्यांवर बसलेले दोन सरळ ॲक्सल शेवटपर्यंत तेच राहिले. अमेरिकेत जुन्या मस्टँग-कॅमॅरोला जो मान आहे, तो आपल्या पिढीच्या फौजी माणसाच्या मनात जिप्सीला आहे. म्हणूनच कंडेम झालेली जिप्सी लिलावात उचलणारे आहेत, आणि पेन्शनीच्या पैशातून तिला नवी करू पाहणारे आमचे रिटायर्ड साहेब लोकही आहेत. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी पाटा काय करतो ते बघू. कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. पाटा वजन पेलतोच, शिवाय ॲक्सलला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकू देत नाही. ब्रेक दाबल्यावर किंवा क्लच सोडल्यावर ॲक्सल पिळवटू पाहतो, त्यालाही तोच आवरतो. पाट्यावर पाटा घासतो, त्यातून थोडा झटकाही जिरतो. एक जवान चार ड्युट्या करतो म्हणा ना. त्याला काढून कॉइल बसवली, तर उरलेल्या ड्युट्यांसाठी चार माणसं आणावी लागतात. ॲक्सल धरायला लांब दांडे हवेत, बाजूला सरकू नये म्हणून आडवा रॉड हवा, त्या सगळ्यांना चेसिसवर ब्रॅकेट हवेत, आणि ते ब्रॅकेट नेमक्या जागी, नेमक्या कोनात, नीट वेल्डिंगने बसायला हवेत. गल्लीतल्या गॅरेजमध्ये हे काम "अंदाजे" होतं. एका सुभेदारसाहेबांची अशी बदललेली जिप्सी मी खालून बघितली. दांड्याच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग चेसिसपासून बोटभर सुटलं होतं. साहेब म्हणाले, "अरे, गाडी चालते तर मऊ!" मऊ चालणारच. ॲक्सलला धरून ठेवणारं निम्मं कोणी उरलंच नव्हतं.

मग मूळ तक्रार काय? "जिप्सी मागे आदळते." खरं आहे, आदळते. पण का? फौजेत या गाडीला ५०० किलोच्या वर्गात धरतात. चार-पाच जवान, रेडिओ सेट, जेरीकॅन, बिस्तरे एवढं घेऊन ती डोंगर चढायची. मागचे पाटे त्या ओझ्यासाठी घडवलेले. गुरुग्राममध्ये तीच गाडी एक माणूस, एक मोबाइल आणि पाण्याची एक बाटली घेऊन गोल्फ कोर्स रोडवर फिरते. रिकामी जिप्सी स्पीड ब्रेकरवर उडणार नाही तर काय करणार? त्यात पाटे गंजलेले, बुश पापडासारखे वाळलेले, शॉकप गळून गेलेले, आणि टायरमध्ये हवा पेट्रोल पंपावरच्या मुलाने त्याच्या मनाने भरलेली. हे सगळं तसंच ठेवून "पाटाच वाईट" म्हणायचं, म्हणजे न धुतलेल्या गणवेशात खाज आली म्हणून कातडी बदलायला निघणं.

शौकीन मंडळी लगेच अमेरिकेचा दाखला देतात. तिकडे जुन्या मसल कारचं मागचं सस्पेन्शन बदलतातच, मग आपण का नको? बदलतात, कारण त्यांचा आजार वेगळा आहे. १९६७ च्या कॅमॅरोला मागे दोन्ही बाजूंना एकेकच पाटा होता आणि वर तीनशेच्या घरातली, कधी त्याहून मोठी ताकद. ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सल पिळवटायचा आणि चाकं जागेवर उड्या मारायची. १९६८ मध्ये कंपनीने स्वतःच एक शॉकप ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे लावला, आणि जास्त ताकदीच्या मॉडेलना अनेक पाट्यांचा संच दिला. म्हणजे उपाय ताकदीला आवरण्यासाठी होता. जिप्सीकडे फार तर ८० हॉर्सपॉवर. तिच्या मागच्या भागाचं दुखणं ताकदीचं नाही, रिकामेपणाचं आणि म्हातारपणाचं आहे.

आता 'उचलण्या'बद्दल. जिप्सीचा पाटा मुळात ॲक्सलच्या खाली असतो. तो ॲक्सलच्या वर चढवला की गाडी एकदम चार-पाच इंच उंच होते आणि फोटो झकास येतो. पण पाटा वर गेला की ॲक्सलचं पिळवटणं वाढतं, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेकचा होज ताणला जातो. सगळ्यात वाईट म्हणजे गाडीचा भार वर जातो आणि दोन चाकांमधलं अंतर तेवढंच राहतं, सुमारे १३०० मिलिमीटर. जिप्सीची परदेशातली बहीण सुझुकी सामुराई. तिला १९८८ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स मासिकाने उलटण्याच्या धोक्यावरून नापास केलं. सुझुकीने ते मान्य केलं नाही, दावा लावला, आणि २००४ मध्ये तडजोडीने तो मिटला. कोण बरोबर हे तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्या गाडीवर कंपनीने सोडलेल्या उंचीतच एवढा वाद झाला, तिला गल्लीत आणखी उचलायची? आणि मागच्या आडव्या बाकांवर नातवंडं बसवून एनएच-४८ वर मानेसरकडे निघायचं, डावीउजवीकडे ट्रेलर?

"मग जिम्नीला कॉइल कशी? तीही इथलीच." हा प्रश्न मला हमखास येतो, आणि चांगला आहे. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीलाही सरळ ॲक्सलच आहेत, पण कॉइलवर, दांडे आणि आडवा रॉड लावून. मी पाट्यांचा भक्त नाही. नीट आखलेली कॉइल पाट्यापेक्षा आरामात आणि ताब्यात सरस असते. पण जिम्नीची चेसिस त्या दांड्यांसाठीच आखलेली आहे, व्हीलबेस २५९० मिलिमीटरचा आहे (जिप्सीचा २३७५), आणि गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा सोबत आहे. कारखान्यातल्या आखणीची नक्कल वेल्डिंगच्या रॉडने होत नाही. कॉइलच हवी असेल तर जिम्नी घ्या. जिप्सी आहे तर जिप्सीसारखी ठेवा.

कायद्याकडेही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. अपघात झाला तर विम्याची कंपनी आधी खाली वाकून चेसिस बघेल. तेव्हा गॅरेजवाला तुमच्या बाजूने साक्ष द्यायला येणार नाही.

मग करायचं काय? आपल्या मेंटेनन्स परेडच्या क्रमाने करा. पाट्यांचा संच उतरवा, सुटा करा, घासा, तडे तपासा. बुश, शॅकलच्या पिना, यू-बोल्ट नवे घ्या. सेंटर बोल्ट तर जुना परत लावूच नका. चांगले शॉकप घाला आणि हवा पुस्तकाप्रमाणे ठेवा. निम्म्या गाड्यांची तक्रार इथेच संपते. तरीही कडक वाटली तर पाटा वजनाप्रमाणे बदला. पाट्याची जाडी निम्मी केली तर त्याचा कडकपणा आठवा भाग उरतो, म्हणून "मधला एक काढून टाक" असला हिशोब करू नका. एक काढला की त्याचा भार बाकीच्यांवर पडतो आणि मग मुख्य पाटा तुटतो. संच एकत्र बनवून घ्या, किंवा पॅराबोलिक पाटे बसवा. ते संख्येने कमी असतात, मधे जाड आणि टोकांकडे निमुळते. घासणं कमी, म्हणून चाल मऊ. त्याच कारणाने त्यांना शॉकपही तोलामोलाचा लागतो. उंची मूळची ठेवा. हीच खरी सुधारणा, आणि ती पार्किंगमध्ये उभी असताना कोणाला दिसत नाही.

मला वाटतं दुखणं इथेच आहे. न दिसणाऱ्या सुधारणेला गुरुग्रामच्या बाजारात भाव नाही. पण मंडळी, आपण वीस-वीस वर्षं अशी कामं केली जी कोणाला दिसली नाहीत. रात्री बाराला टॉर्चच्या उजेडात यू-बोल्ट आवळले, आणि सकाळी कॉन्व्हॉय वेळेवर निघाला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, गाड्या मात्र पोचल्या. आयुष्यभर हे केलेल्या माणसाने म्हातारपणी, शेजारच्या पोराला गाडी उंच दिसावी म्हणून, तिचे पाय उपटून घ्यावेत हे मला पटत नाही.

जय हिंद.