घर नाकारले, तर विचारणार कोण?

पुण्यामुंबईहून इथे आलेल्या मंडळींना शहराच्या आराखड्यावर मंत्रालयाचा शिक्का लागतो, हे वेगळे सांगायला नको. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्यानुसार महापालिका विकास आराखडा तयार करते आणि राज्य सरकारच्या मंजुरीनंतरच तो लागू होतो. २०१५ साली मुंबईच्या आराखड्याचा मसुदा चुकांमुळे मुख्यमंत्र्यांनी परत पाठवला. तो मंजूर व्हायला २०१८ उजाडले. त्याच २०१५ मध्ये पुण्याचा आराखडा तर सरकारने महापालिकेच्या हातातून काढूनच घेतला. त्यामुळे वरच्यांची देखरेख म्हटले की आपल्या मनात पहिली येते ती शंका. कोणाचे आरक्षण उठले, कोणाचे पडले, हाच प्रश्न!

जपानमध्ये हे प्रकरण निराळे आहे, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते समजून घ्यायला हवे. २००६ साली इथे घरांविषयीचा मूलभूत कायदा झाला. त्यानुसार मंत्रिमंडळ देशाची गृहयोजना मंजूर करते आणि साधारण पाच वर्षांनी तिचा फेरविचार होतो. त्या योजनेला धरून प्रत्येक प्रांताने आपली योजना करायची. टोकियोने आपली योजना मार्च २०२२ मध्ये जाहीर केली, देशाच्या योजनेनंतर बरोबर वर्षभराने. प्रांताच्या या योजनेत केंद्रीय मंत्र्याची संमती एकाच गोष्टीला लागते: सरकारी भाड्याची घरे किती पुरवणार, तो आकडा. वॉर्डांनी आणि शहरांनी स्वतःची योजना केलीच पाहिजे असे हा कायदा म्हणत नाही. केली, तर ती कोणाकडे मंजुरीला जात नाही.

मला ही मोकळीक एरवी आवडते. पण सगळी देखरेख एका आकड्यापाशी संपते, आणि आपला प्रश्न त्या आकड्यात बसत नाही.

आपल्यातल्या कंपनीत नोकरी करणाऱ्या बहुतेकांचे उत्पन्न सरकारी घराच्या मर्यादेच्या वर असते. (हॉटेलांत स्वयंपाकी म्हणून आलेल्या बांधवांचे तसे नसते. टोकियोच्या सरकारी घरांची सोडत वर्षातून चार वेळा निघते, हे त्यांना जरूर सांगावे.) आपली गाठ पडते ती खाजगी घरमालकाशी. दोन महिन्यांची अनामत, पागडीची आठवण करून देणारे ‘रेइकिन’, एजंटची दलाली, वर जामीन. एवढे पैसे खिशात असूनही ‘परदेशी नकोत’ हे उत्तर ऐकलेली घरे मंडळात काही थोडी नाहीत.

हे केवळ आपले रडगाणे नव्हे. न्याय मंत्रालयाने २०१६ साली परदेशी रहिवाशांची पाहणी करवली. मागच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी ३९.३ टक्के लोकांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता आणि ४१.२ टक्के लोकांना जपानी जामीन नाही म्हणून. दुसरीकडे २०२३ च्या सरकारी गणनेत देशात ९० लाख घरे रिकामी निघाली. त्यातली सुमारे ४४ लाख भाड्याने देण्यासाठीची. घरे नाहीत असे कोण म्हणेल?

सरकारने काहीच केले नाही असे नाही. घर मिळायला अडचण येणाऱ्यांसाठी २००७ साली कायदा झाला. त्यात वृद्ध, अपंग, मुले असलेली कुटुंबे यांच्याबरोबर परदेशी रहिवासीही येतात. या लोकांना नाकारणार नाही असे सांगून घरमालकांनी घरे नोंदवावीत, अशी सोय २०१७ मध्ये झाली. पण मेख अशी की, नोंदणी करताना यातल्या कोणाला घेणार हे मालक निवडू शकतो. म्हणजे ‘वृद्ध चालतील’ एवढेच लिहून परदेशी माणसाला दार बंद करता येते, आणि घर तरीही सरकारी यादीत मोजले जाते. याला देखरेख म्हणायचे की कागदी घोडे? न्यायालयात दाद मिळते. क्योतोच्या जिल्हा न्यायालयाने २००७ साली भाडेकरूचे राष्ट्रीयत्व पाहून घर नाकारणाऱ्या मालकाला ११ लाख येन भरपाई द्यायला लावली. पण महिनाअखेरीस घर सोडायचे असलेला माणूस कोर्टात जाईल की दुसरे घर पाहील?

केंद्राने मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. एदोगावा वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ साली वॉर्डाने पुराचा नकाशा काढला आणि त्यावर ‘इथे थांबू नका’ असे स्वच्छ लिहिले. तो नकाशा किती भाडेकरूंनी पाहिला असेल? ऑगस्ट २०२० पासून मात्र करार करताना घर पुराच्या नकाशावर कुठे येते ते दाखवणे केंद्राने एजंटांना सक्तीचे केले. तेव्हापासून एजंट नकाशा दाखवतो. केंद्राने विचारले की उत्तर मिळते.

मग हेही का विचारू नये? प्रत्येक प्रांताने सरकारी घरांच्या आकड्याबरोबर हेही कळवावे: नोंदवलेल्या घरांपैकी परदेशी रहिवाशांना खुली किती, आणि त्यांत प्रत्यक्ष किती कुटुंबे राहायला गेली? कोणत्याही वॉर्डाचा आराखडा अडवायची गरज नाही. पुण्यासारखा तो हिसकावून घेणे तर नकोच.

तोवर आपले व्यवहार सांभाळायचे आहेत. यूआरच्या घरांना रेइकिन, दलाली, जामीन किंवा करार नव्याने करण्याची फी लागत नाही. ठरावीक उत्पन्न दाखवले आणि व्हिसा योग्य असला की झाले. निशी-कासाईला कोजिमाचोच्या वसाहतीत आपली एवढी वस्ती झाली ती काही उगाच नाही. खाजगी घर घेताना जामीन कंपनी सरकारमान्य आहे का ते विचारा. ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत अशा कंपन्यांना मंत्र्यांची मान्यता मिळते, आणि संपर्कासाठी नातेवाईकच हवा असा हट्ट त्यांना धरता येत नाही.

राहिला प्रश्न आपला आवाज पोचवण्याचा. मताचा अधिकार आपल्याला नाही. २०१९ साली योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या वॉर्डसभेवर निवडून आले ते जपानी नागरिकत्व घेतल्यावर. पण योजनेचा मसुदा हरकती-सूचनांसाठी ठेवतात तेव्हा तिथल्या रहिवाशाला लिहिता येते. पाच वर्षांच्या हिशेबाने देशाच्या योजनेची पाळी २०२६ ची, आणि प्रांतांची व वॉर्डांची त्यामागोमाग. मसुदा जपानीत असतो आणि मुदत जेमतेम महिनाभराची. मंडळातल्या चार जपानी जाणणाऱ्यांनी तो वाचून ‘परदेशी रहिवासी’ हे शब्द कुठे येतात, आणि त्यांच्यापुढे आकडा आहे की नाही, एवढे जरी पाहिले तरी सूचनेचा मजकूर तिथेच तयार होईल.