विश्लेषण : लेखन ‘कच्चे’ आहे, पण कशामुळे?

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुका तेलंगणाच्या सीमेवर आहे. येथील वर्गात मराठीबरोबर गोंडी, कोलामी, तेलुगू, बंजारा बोलणारी मुले एका बाकावर बसतात. समजा, चौथीतल्या एका वहीत ‘पानी’, ‘बात’ (भात) आणि ‘माझी गाव’ या तीन चुका सापडल्या. तिन्हींभोवती लाल गोल आणि खाली नेहमीचा शेरा : ‘लेखन कच्चे, सराव हवा.’ या शेऱ्याने चुका मोजल्या जातात. त्यांचे कारण मात्र कळत नाही.

एक शेरा, तीन कारणे

‘पानी’ ही विदर्भातील बोलीची खूण आहे. घरी ‘ण’चा ‘न’ होतो, तो वहीत उतरतो. ‘भात’चा ‘बात’ करणारे मूल कोलाम असेल, तर कारण वेगळे आहे. कोलामी ही द्रविड कुळातील भाषा. ‘भ’, ‘ध’, ‘घ’ असे महाप्राण तिच्यात मूळचे नाहीत. जो फरक कानाला सरावाचा नाही, तो हात कसा लिहिणार? ‘माझी गाव’चेही तसेच. मराठीत तीन लिंगे आहेत. कोलामीत आणि गोंडीत एकवचनात पुरुषवाचक शब्दांचा एक गट आणि बाकी सर्वांचा दुसरा. म्हणजे ही चूक निष्काळजीपणाची नाही, त्या मुलाच्या स्वतःच्या व्याकरणाची आहे.

भाषेपलीकडे काय?

सगळेच भाषेवर ढकलणेही चूक ठरेल. नजर कमी असेल तर फळ्यावरचे उतरवताना अक्षरे गळतात. ऐकू कमी येत असेल तर श्रुतलेखन बिघडते. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडाली की जोडाक्षरांचे पाठ निसटतात. पंडुरोग असलेले मूल लवकर थकते.

कारण कसे ओळखायचे?

यासाठी महागडी चाचणी लागत नाही, चार कामे पुरतात. मुलाला एखादा प्रसंग आधी घरच्या भाषेत तोंडी सांगू द्यावा. मग फळ्यावरचे चार शब्द उतरवायला, चार शब्द ऐकून लिहायला आणि शेवटी दोन वाक्ये मनाने लिहायला द्यावीत. तोंडी छान सांगणारे मूल मराठीत अडत असेल, तर प्रश्न भाषेचा. उतरवतानाच अडत असेल, तर डोळे आणि हात तपासावेत. फक्त श्रुतलेखन चुकत असेल, तर कान किंवा ध्वनी-अक्षराची जोडणी पाहावी. उतारा आणि श्रुतलेखन बरे, पण मनाने लिहिता येत नसेल, तर त्याला तशी संधी कधी मिळाली का, हे शिक्षकाने स्वतःला विचारावे.

‘अध्ययन अक्षमता’ कधी म्हणायचे?

दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ती लवकर ओळखणे ही शाळेची जबाबदारी आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये आणलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. पण ज्याची पहिली भाषा कोलामी आहे, त्याला केवळ मराठी चाचणीवर ‘अक्षम’ ठरवणे अन्यायाचे होईल. उलट ‘आदिवासी मूल आहे, असेच लिहिणार’ म्हणून खरी अक्षमता दुर्लक्षित राहणे हाही तितकाच मोठा अन्याय आहे.

मग करायचे काय?

‘निपुण भारत’ अभियान जुलै 2021 मध्ये सुरू झाले. 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता, लिहिता आणि हिशेब करता यावा, हे त्याचे उद्दिष्ट. ‘असर’ पाहणीमुळे वाचन आणि गणिताची चर्चा होते. लेखन त्यात मागे पडते. प्रगतिपुस्तकात ‘कच्चे’ऐवजी कारणाची एक ओळ लिहावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा, लेखनात अडणाऱ्या मुलांची यादी त्याच्या हाती द्यावी. गोंडी-कोलामी जाणणारी गावातली व्यक्ती आठवड्यातून काही तास वर्गात असावी. ताप का आला हे न पाहता सर्वांना एकच गोळी देणारा डॉक्टर आपण चालवून घेत नाही. ‘सराव हवा’ हा शेरा त्याच गोळीसारखा आहे.